यकृत एक, विषाणू पाच

दरवर्षी 28 जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन येतो आणि सरकारी भित्तिपत्रकांवर ‘बी’ आणि ‘सी’ ही अक्षरे जोडीने झळकतात. दोन्ही विषाणू रक्तातून पसरतात आणि दोन्ही वर्षानुवर्षे गुपचूप यकृत पोखरतात, त्यामुळे जोडी लावणे सोयीचे पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024च्या अहवालानुसार भारतात ‘बी’ची बाधा असलेले सुमारे 2.98 कोटी आणि ‘सी’ची बाधा असलेले सुमारे 55 लाख लोक आहेत. या सगळ्यांना आपण एकच सांगतो: तपासणी करा, उपचार घ्या. प्रत्यक्षात ‘सी’ बहुतेकांच्या शरीरातून साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी कायमचा जातो, तर ‘बी’ची गोळी अनेकांना जन्मभर घ्यावी लागते. संशोधकांनी एकाकडे लक्ष दिले आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवली, असे काही घडलेले नाही. फरक विषाणूंच्या जनुकीय द्रव्यातच आहे. म्हणून लोकांना विषाणूची ओळख करून देताना तो कोणत्या अवयवाला धरतो याआधी त्याच्या पोटात काय आहे हे सांगावे, असे माझे म्हणणे आहे.

तसे पाहण्याची सोपी रीत डेव्हिड बाल्टिमोर यांनी 1971 मध्येच घालून दिली. प्रथिने बनवणारी यंत्रणा विषाणूकडे नसते. तो पेशीची यंत्रणा वापरतो आणि तिला फक्त संदेशवाहक आरएनए वाचता येतो. मग जवळ असेल त्या द्रव्यापासून हा संदेश विषाणू कसा तयार करतो, एवढेच बाल्टिमोर यांनी विचारले, आणि उत्तरे अगदी मोजकी निघाली. देवीच्या विषाणूत दुपदरी डीएनए असतो, पार्व्होत एकपदरी, रोटात दुपदरी आरएनए. पोलिओ, डेंग्यू, कोरोना यांचा एकपदरी आरएनए हाच मुळी संदेश असतो. पेशीत शिरला की लगेच वाचला जातो. रेबीज, गोवर, इन्फ्लुएंझा यांचा पदर उलटा, त्यामुळे त्यांना नक्कल करणारे एन्झाइम सोबत आणावे लागते. सहाव्या गटातले विषाणू आरएनएवरून डीएनए बनवतात. हे उलटे काम करणारे एन्झाइम, म्हणजे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज, बाल्टिमोर आणि हॉवर्ड टेमिन यांनी 1970 मध्ये स्वतंत्रपणे शोधले होते. एचआयव्ही सापडला 1983 मध्ये, पण तो बसणार होता ती जागा बारा वर्षे आधीच आखून झाली होती. वर्गीकरणाकडून याहून जास्त काय मागावे? हिपॅटायटिस ‘बी’ मात्र त्या सहांत नीट बसेना. डीएनए असूनही तो आपली नक्कल आरएनएच्या वाटेने करतो, हे 1982 मध्ये जेसी समर्स आणि विल्यम मेसन यांनी बदकांच्या तशाच विषाणूवर दाखवले. पुढे त्याच्या जातीसाठी सातवा गट करावा लागला.

आता ‘बी’ आणि ‘सी’ शेजारी ठेवून पाहा. ‘सी’ हा पोलिओच्या गटातला आरएनए विषाणू. त्याच्या साऱ्या व्यवहारात डीएनए कुठेच तयार होत नाही. आरएनए अल्पायुषी असतो, त्यामुळे सतत नव्या नकला होत राहिल्या तरच हा विषाणू टिकतो. सोफोसबुव्हिरसारखे औषध नक्कल करणाऱ्या एन्झाइमलाच अडवते, जुना आरएनए विरत जातो आणि 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. ‘बी’चा जेमतेम 3,200 अक्षरांचा डीएनए मात्र यकृतपेशीच्या केंद्रकात शिरून बंद कड्यासारखा ठाण मांडतो. त्यावरून आरएनए निघतो आणि त्या आरएनएवरून पुन्हा नवा डीएनए. आजच्या गोळ्या ही शेवटची पायरी रोखतात. केंद्रकातल्या कड्यापर्यंत त्यांचा हात पोचत नाही. गोळी थांबली की ते कडे पुन्हा कामाला लागू शकते.

सर्वांत बोलका पुरावा टेनोफोव्हिरचा. एचआयव्ही प्रतिकारशक्तीच्या पेशींवर हल्ला करतो, ‘बी’ यकृतावर. लक्षणांकडे पाहून या दोघांचे नाते कोणाच्या मनातही येणार नाही. तरी हेच औषध दोघांवर चालते, कारण दोघांकडे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज आहे. एचआयव्हीच्या नेहमीच्या गोळीतली टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही औषधे ‘बी’लाही दाबून ठेवतात. म्हणूनच दोन्ही बाधा असलेल्या रुग्णाची ती गोळी विचार न करता बदलली, तर यकृताचा आजार अचानक उसळू शकतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. सामान्य माणसाला विषाणू पसरतो कसा हे कळणे जास्त गरजेचे, आणि त्याबाबत हे गट काहीच सांगत नाहीत. ‘ए’, ‘सी’ आणि ‘ई’ तिघे एकाच गटात, पण ‘ए’ आणि ‘ई’ दूषित पाण्यातून येतात. 2012 मध्ये इचलकरंजीत ‘ई’ची साथ आली तेव्हा गरज होती ती शुद्ध पाण्याची, तिथे आरएनएचा पाठ कोणाच्या कामी आला नसता. हे मान्यच. पण प्रसाराचा मार्ग कळला की आजार टाळता येतो. झालेल्या आजाराचे पुढे काय, हे त्यातून कळत नाही. ‘ए’ आणि ‘ई’ बहुतेकांत आपोआप बरे होतात (गरोदरपणातला ‘ई’ मात्र जीवघेणा ठरू शकतो). गळ्यात माळ घालून किंवा चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ उतरवणाऱ्यांचे दुकान याच आपोआप बरे होण्यावर चालते. त्याच दुकानात ‘बी’चा रुग्ण गेला, तर डोळ्यांचा पिवळेपणा ओसरल्यावर तोही स्वतःला बरा समजतो.

दुसरा आक्षेप तज्ज्ञांचा. बाल्टिमोर यांची पद्धत वंशावळ दाखवत नाही, आणि आंतरराष्ट्रीय विषाणू वर्गीकरण समिती आता उत्क्रांतीच्या नात्यावरून पंधरा स्तरांची उतरंड लावते. पण याच समितीने डीएनए बाळगणाऱ्या ‘बी’ला एचआयव्ही आणि ‘सी’ यांच्यासह एकाच महागटात बसवले आहे, कारण नक्कल करणाऱ्या त्यांच्या एन्झाइमांचे मूळ एक मानले जाते. म्हणजे बाल्टिमोर यांनी ज्याकडे बोट दाखवले, तेच इथेही निर्णायक ठरले. खरी अडचण ‘डी’ची आहे. सुमारे 1,700 अक्षरांचा गोल आरएनए, बाहेर पडायला ‘बी’चे आवरण उसने आणि नक्कल करायला पेशीचेच एन्झाइम. कोणत्याही खणात तो ओढूनताणूनच बसतो. असा एखादा उपरा निघाला म्हणून बाकीचे खण मोडीत काढायचे कारण नाही.

राहिला प्रश्न लोकांना हे झेपेल का. कोरोनाच्या काळात गावोगाव ‘आरटीपीसीआर’ हा शब्द तोंडी बसला, आणि त्यातले ‘आरटी’ म्हणजे याच 1970 च्या एन्झाइमचे काम. 2018 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातून ‘बी’ आणि ‘सी’ दोन्हींची औषधे मोफत मिळतात, तेव्हा पत्रके दोन वेगळी छापायला हरकत नसावी. ‘सी’च्या पत्रकावर ठरलेला कोर्स आणि त्यानंतरची खात्रीची तपासणी. ‘बी’च्या पत्रकावर गोळी स्वतःहून बंद करू नका हे ठळक अक्षरांत, आणि त्याखाली केंद्रकात बसलेल्या डीएनएबद्दल दोन ओळी.