तक्रार केली, त्याच रात्री

तमिळनाडूच्या तिरुनेलवेली जिल्ह्यातील नांगुनेरी येथे ऑगस्ट २०२३ मध्ये बारावीतल्या एका दलित विद्यार्थ्यावर त्याच्याच शाळेतील मुलांनी घरात घुसून कोयत्याने वार केले. वाचवायला धावलेली त्याची लहान बहीणही जखमी झाली. छळाला कंटाळून त्याने शाळेत जाणेच सोडले होते. शाळेने विचारपूस केली, त्याने नावे सांगितली आणि त्याच रात्री हल्ला झाला.

हा क्रम लक्षात ठेवूनच शाळांमधील 'सामाजिक-भावनिक शिक्षणा'कडे पाहायला हवे. स्वतःचा राग ओळखणे, दुसऱ्याचे दुःख समजून घेणे, हात न उचलता भांडण मिटवणे हे त्याचे विषय. दिल्ली सरकारने जुलै २०१८ मध्ये दलाई लामांच्या उपस्थितीत नर्सरी ते आठवीसाठी असाच 'हॅपिनेस' अभ्यासक्रम सुरू केला. मैत्री, करुणा, सजगता हे तर आपल्याच घरातले शब्द, त्यामुळे आपल्याला ते लगेच पटते. पण नांगुनेरीच्या मुलाची अडचण भावना न ओळखण्याची नव्हती. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळ्या बसणाऱ्या भीमरावांचीही नव्हती.

मग असे उपक्रम निरुपयोगी आहेत का? नाहीत. गोव्याच्या 'संगत' संस्थेने बिहारमधील नालंदा जिल्ह्यात (होय, त्याच नालंदेत) ७४ शाळांतील नववीच्या मुलांसोबत केलेला प्रयोग पाहा. प्रार्थनेच्या वेळी चर्चा, भित्तिपत्रक, मन मोकळे करण्यासाठी पत्रपेटी, गरजेप्रमाणे समुपदेशन असा कार्यक्रम. काही शाळांत तो शिक्षकांकडे दिला, काही शाळांत खास नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकाकडे. उरलेल्या शाळांत सरकारचा नेहमीचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम तेवढा चालू राहिला. समुपदेशकाच्या शाळांत दादागिरी आणि हिंसा घटली, मुलांचे नैराश्यही कमी झाले. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत मात्र फरक पडला नाही.

हा प्रयोग जातीवर नव्हता. तरी मला त्यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. जो गुण देतो, छडीही ज्याच्याच हातात असते, त्याच्याजवळ मूल मन मोकळे करत नाही. त्यात शिक्षकावर इतर कामांचा डोंगर असतो, हेही खरे. अभ्यासक्रम कितीही चांगला असो, ऐकणारा माणूस कोण, यावर बरेच काही ठरते.

नांगुनेरीनंतर नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या समितीचा अहवाल जून २०२४ मध्ये आला. मनगटावरील जातिदर्शक रंगीत धाग्यांवर बंदी घाला, ही शिफारस वृत्तपत्रांत गाजली. पाचशेहून अधिक विद्यार्थी असलेल्या माध्यमिक शाळांत स्वतंत्र कल्याण अधिकारी नेमा, ही शिफारस तितकी गाजली नाही. खरे तर गाजायला हवी होती ती हीच.

महाराष्ट्रात शाळांना तक्रारपेटी लावण्याचे आदेश आहेत. पेटीची किल्ली कोणाकडे असते? ती कोणासमोर उघडतात? नाव सांगणाऱ्या मुलाची ओळख गुप्त कशी राहते? विहारात रविवारचे वर्ग चालवणाऱ्या तरुणांनी हे प्रश्न घेऊन शाळा व्यवस्थापन समितीकडे जावे. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि त्यात वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा मिळावी, असे शिक्षण हक्क कायदाच सांगतो.