घरची सायंप्रार्थना



पुष्कळ घरांत जपमाळ भिंतीवरील खिळ्याला टांगलेली आढळते. ती हाती घेण्याची वेळ मात्र ठरलेली नसते. जेवणे आटोपताच मुले पेंगू लागतात, दिवसभर राबलेला गृहस्थ अंग टाकतो आणि प्रार्थना एकट्या आजीवर सोपविली जाते. आजीच्या पश्चात ती कोण म्हणणार? हा प्रश्न घरच्या कर्त्या पुरुषाने स्वतःस विचारावा.

पोप बारावे पायस यांनी १५ सप्टेंबर १९५१ च्या परिपत्रकात कुटुंबाने एकत्र जपमाळ म्हणावी असा आग्रह धरला. २००२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी जपमाळेत प्रकाशाची पाच रहस्ये जोडली, तेव्हाही घरच्या प्रार्थनेची आठवण दिलीच.

वेळ जेवणापूर्वीची धरावी. चुलीवर भात शिजतो तेवढ्यात एक दशक, म्हणजे एक ‘आमच्या बापा’ आणि दहा ‘नमो मरिया’, सहज होते. पाचही दशकांचा हट्ट धरून आठवड्यात सारेच सोडण्यापेक्षा रोजचे एक दशक आम्हांस अधिक पसंत आहे. संपूर्ण माळ रविवारी आणि ऑक्टोबर महिन्यात म्हणावी. धाकट्याने मेणबत्ती लावावी, थोरल्याने शुभवर्तमानातील चार ओळी वाचाव्या. मोबाइल तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत असावा, बापाचासुद्धा! ज्याची रात्री शेतात पाण्याची पाळी असेल त्याने बांधावरच प्रार्थना करावी. घरी त्याचे नाव घेऊन एक ‘नमो मरिया’ अधिक म्हणावी.