मुखवटा, मेथी आणि एक प्रश्नचिन्ह

माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर एक स्टिकर आहे. धातूचा मुखवटा, डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं. मला वर्षभर वाटत होतं की हे एखाद्या व्हिडिओ गेममधलं पात्र असणार. दिवाळीत तो घरी आला तेव्हा विचारलं. म्हणाला, "मावशी, हा एमएफ डूम. रॅपर आहे. म्हणजे, होता." आणि एक इअरबड माझ्या हातात दिला.

खरं सांगते, पहिल्या दिवशी दोन मिनिटांत काढून ठेवला. भरभर इंग्रजी, मध्येच कार्टूनमधले संवाद, गाणं सुरू झालं म्हणेपर्यंत संपलेलं. तुमचंही तसंच होईल. पण चूक माझी होती, मी चुकीच्या दारातून आत शिरले होते. तेव्हा तुम्हाला योग्य दार दाखवते.

स्वयंपाकघरातून या.

या माणसाने २००१ ते २००५ या काळात 'स्पेशल हर्ब्स' नावाची मालिका काढली. त्यात शब्द नाहीत, नुसतं संगीत. आणि तुकड्यांची नावं काय, तर केशर, मेथी, धणे! इंग्रजीत अर्थात, पण आपला मसाल्याचा डबाच उघडल्यासारखा. शिव्या नाहीत, आरडाओरडा नाही. भाजी निवडताना लावा, सासूबाईसुद्धा काही म्हणणार नाहीत. (माझ्या तर दुसऱ्या दिवशी "ते कालचं लाव गं" म्हणाल्या.)

हे संगीत बनतं कसं? सॅम्पलर नावाचं यंत्र असतं. जुन्या रेकॉर्डमधले दोन-चार सेकंद त्यात उचलायचे, कापायचे, पुन्हापुन्हा फिरवायचे आणि खाली ड्रमचा ठेका घालायचा. गोधडी शिवतात ना, आजीच्या लुगड्याचा तुकडा, बाबांच्या धोतराचा तुकडा, तसं. डूमची गोधडी मुद्दाम ओबडधोबड असते. टाके दिसतात. जुन्या रेकॉर्डची खरखर तो पुसत नाही, कार्टूनमधल्या खलनायकाचं हसणं तसंच ठेवतो. याच ठेक्यांतले काही पुढे घोस्टफेस किला या नावाजलेल्या रॅपरने २००६च्या 'फिशस्केल' अल्बममध्ये वापरले. मेथीसुद्धा.

आता शब्दांकडे. २००४चा 'एमएम.. फूड' घ्या. एमएफ डूम या नावाची इंग्रजी अक्षरं हलवली की हेच नाव तयार होतं, आणि अख्खा अल्बम खाण्यापिण्यावर बेतलेला आहे. शाळेत आपण यमक शिकलो ते ओळीच्या शेवटचं. हा माणूस ओळीच्या सुरुवातीला, पोटात, शेपटीला, सगळीकडे यमक पेरतो, वर श्लेषही करतो. आणि हे सगळं कसलीही घाई न करता, दुपारी जेवून ओसरीवर बसलेल्या काकांच्या आवाजात. काही शब्द मुलांसमोर ऐकण्यासारखे नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

त्याच वर्षी 'मॅडव्हिलनी' आला. यात संगीत मुख्यतः मॅडलिब या दुसऱ्या निर्मात्याचं. हा मॅडलिब २००२मध्ये ब्राझीलला गेला होता, तिथे साओ पावलोच्या हॉटेलच्या खोलीत एक छोटा टर्नटेबल, एक कॅसेट डेक आणि एक लहानसा सॅम्पलर एवढ्यावर त्याने यातले बरेच ठेके रचले. मग अर्धवट अल्बम चोरीला जाऊन इंटरनेटवर फुटला. वर्षभर आधी! दुसरं कुणी असतं तर प्रकल्प गुंडाळला असता. डूमने आपले शब्द पुन्हा म्हटले, आधीपेक्षा संथ, खालच्या पट्टीत, आणि तो संथपणाच अल्बमचा आत्मा झाला. २२ तुकडे, ४६ मिनिटं, ध्रुवपदं जवळजवळ नाहीतच. 'अकॉर्डियन' जेमतेम दोन मिनिटांचं आहे, पण आपल्या पेटीची सवय असलेल्या कानाला त्याचा सूर लगेच ओळखीचा वाटतो. (मॅडलिबने पुढे २००७मध्ये 'बीट कंडक्टा इन इंडिया' काढला, हिंदी सिनेमांच्या जुन्या रेकॉर्डींवर. तो आवडला तर जरूर ऐका.)

चाहत्यांचा आग्रह असतो की त्याचं नाव इंग्रजीत फक्त कॅपिटल अक्षरांत लिहायचं. देवनागरीत ती भानगडच नाही, सुटलो आपण.

यादीत पुढे गेलात की गोंधळ होईल. 'टेक मी टू युअर लीडर'वर किंग गिडोरा असं नाव दिसेल, 'व्हॉडव्हिल व्हिलन'वर व्हिक्टर वॉन. दोन्ही २००३चे, दोन्हीही हाच. पहिल्यात तो तीन डोक्यांचा अंतराळातला राक्षस होतो आणि बरंचसं रॅप दुसऱ्यांना देऊन स्वतः संगीतामागे बसतो. इतकी सोंगं कशाला, असं मीही भाच्याला विचारलं.

त्याचं उत्तर मागे जाऊन सापडतं. खरं नाव डॅनियल डुमिले. जन्म १९७१, लंडन. वाढला न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. तेव्हा त्याचा चेहरा उघडा होता आणि केएमडी या गटात धाकटा भाऊ सबरॉक त्याच्या सोबत होता. १९९१मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, खेळकर, भाषा शिकवणाऱ्या जुन्या रेकॉर्डमधल्या आवाजाशी गप्पा मारणारा. दुसऱ्याचं काम चालू असताना, १९९३मध्ये, रस्ता ओलांडताना गाडीच्या धडकेत सबरॉक गेला. विशीसुद्धा ओलांडली नव्हती. थोरल्याने एकट्याने अल्बम पुरा केला. त्याचं नाव इथे छापण्यासारखं नाही. मुखपृष्ठावर, काळ्या माणसांची टिंगल करायला रंगवत तसलं जुनं व्यंगचित्र फासावर लटकलेलं होतं. त्याला ती टिंगलच फासावर द्यायची होती. कंपनी घाबरली आणि १९९४मध्ये तिने अल्बमही सोडला, त्यालाही. वर्षभराच्या आत भाऊ गेला आणि भावाचं शेवटचं कामही गेलं.

काही वर्षं तो दिसलाच नाही. १९९७च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका कॅफेत चेहऱ्यावर बायकांचा पायमोजा ओढून कुणीतरी रॅप करू लागलं. मुखवटा पुढे आला, मार्व्हल कॉमिक्समधल्या डॉक्टर डूमसारखा.

पुढे पुढे त्याने कार्यक्रमांना स्वतःऐवजी मुखवटा घातलेली दुसरीच माणसं पाठवली. चाहते चिडले, आणि मला त्यांचंच पटतं. तिकिटाला पैसे लागतात. २०१०मध्ये अमेरिकेने त्याला परत देशात येऊ दिलं नाही. त्याच्याकडे तिथलं नागरिकत्व नव्हतं. उरलेली वर्षं इंग्लंडमध्ये गेली. ३१ ऑक्टोबर २०२० रोजी तो वारला, वय ४९. जगाला कळलं ३१ डिसेंबरला.

आता शेवटचं दार. १९९९चा 'ऑपरेशन: डूम्सडे', मुखवट्यामागचा पहिला अल्बम. त्यात शेवटून दुसरं एक गाणं आहे, त्याचं नाव फक्त एक प्रश्नचिन्ह. बराच वेळ नेहमीच्या फुशारक्या चालतात. मग अखेरच्या कडव्यात तो अचानक प्रेक्षकांशी बोलायचं थांबतो आणि सबरॉकशी बोलू लागतो. आवाज चढत नाही, रडत नाही. भावाचा एक फोटो जपून ठेवलाय, एवढं सांगतो. फोटोत भावाच्या हातात कोयता आहे.