तो काही करत नाही हो!

चोर्ला घाट चढून बेळगावला जाणे आम्हा गोवेकरांना नवे नाही. लग्नाचा बस्ता, डॉक्टर, भाजी... काही ना काही निमित्त निघतेच. माझे निमित्त बेळगुंदीचे. बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोपच्या वाटेवरचे हे गाव रताळ्यांच्या शेतांचे. तिथे माझी मावशी राहते.

मागच्या खेपेला मावशीच्या शेजारच्या शेतात धनगरांनी खतासाठी मेंढरे बसवली होती. आम्हाला पाहून दोन उंच, सडपातळ कुत्री उठली. म्हाताऱ्या धनगराने जिभेने नुसता टक् असा आवाज काढला आणि ती खाली बसली. तिथून दोनशे पावलांवर एक नवा बंगला आहे. फाटकावर पाटी, 'कुत्र्यापासून सावध रहा'. आत रॉटवायलर, सकाळपासून हातभर साखळीला बांधलेला. मालकीणबाई अगत्याने म्हणाल्या, "काय करत नाही वो ते, या की आत!"

मी आत गेलो नाही. पाटी खरी की बाई खऱ्या, हे मला ठरवता येईना.

ही पाटी गोव्यातही गल्लोगल्ली दिसते. तिचा खरा अर्थ असा की कुत्रा आमचा, काळजी तुम्ही घ्या! पोदेराने घ्यावी, पोस्टमनने घ्यावी, शाळेतून येणाऱ्या पोराने घ्यावी. ऑगस्ट २०२४ मध्ये हणजुणेत सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात गेला. त्याने कसली सावधगिरी बाळगायची होती? त्याआधी जुलै २०२२ मध्ये लखनौत एका वृद्ध शिक्षिकेला घरच्याच पिटबुलने ठार केले होते. म्हणजे 'आमच्यांना काही करत नाही' हेही खरे नाही.

मग सरकार जागे होते आणि जातींची यादी काढते. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राने २३ जातींवर बंदी घालण्याचे पत्र राज्यांना पाठवले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले, कारण संबंधितांचे म्हणणे ऐकूनच घेतले नव्हते. बरे, यादी टिकली असती तरी अमुक कुत्रा पिटबुल आणि तमुक संकर हे ओळखणार कोण? पंचायतीचा कारकून?

याचा अर्थ सगळे कुत्रे सारखे असा मुळीच नाही. कुत्राप्रेमी मंडळी इथेच लबाडी करतात. 'गावठी कुत्रा नाही का चावत?' चावतो हो. पण पन्नास किलोंच्या जनावराचा जबडा आणि गल्लीतल्या मोत्याचा जबडा यांत फरक आहे. ताकद हवी म्हणूनच तुम्ही ही जात घेतली ना? मग जबाबदारीही त्याच वजनाची घ्या.

रॉटवायलर मुळात जर्मनीतला गुरे हाकणारा, खाटकाची गाडी ओढणारा कुत्रा. त्याला कळंगुटच्या सुट्टीतल्या बंगल्यात राखणदाराच्या हवाली करून मालक दिल्लीला! फिरवणे नाही, शिकवणे नाही, माणसांची सवय नाही. आपला मुधोळचा कुत्रा बघा. घोरपड्यांच्या संस्थानात नावारूपाला आला, २००५ मध्ये टपाल तिकिटावर झळकला, २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठच्या केंद्रात गेला. तोही शिकारीच. ससा दिसला की वाऱ्यासारखा सुटतो. पण ज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला त्यांना त्याचे काम ठाऊक होते. आता लष्कराचे नाव ऐकून लोक त्यालाही फ्लॅटमध्ये आणू लागले, तर पुढची बदनामी त्याची.

कायदा नाही असेही नाही. प्राणी पाळण्यात निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाच हजार! चांगल्या जातीचे पिल्लूही त्यात येत नाही. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवले नाही तर तो १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे बेळगुंदीच्या त्या बाईंना सोडाच, पणजीत तरी किती जणांना माहीत आहे?

गोवा विधानसभेने २०२५ मध्ये हिंस्र प्राण्यांविषयीचे विधेयक संमत केले. त्याच्या नावातच 'नुकसानभरपाई' हा शब्द आहे. मला त्यातल्या बंदीपेक्षा तोच मोलाचा वाटतो. जखमी माणसाच्या इस्पितळाचे बिल मालकाच्या खिशातून जाऊ द्या. रस्त्यावर मुसकी आणि आखूड पट्टा सक्तीचा करा. घरात महिनाभर कोणी नसेल तर असला कुत्रा पाळायला परवानगीच देऊ नका. श्रीमंत बंगलेवाले ओरडतील. ओरडू देत.

आमच्या वाड्यावरचा पोदेर हल्ली एका फाटकापाशी थांबतच नाही. कोपऱ्यावरूनच भोंपू वाजवतो आणि त्या घरची मोलकरीण धावत जाऊन पाव घेऊन येते. कुत्रा काही करत नाही म्हणे.