घूंऽऽ आणि अर्थिंगची पिन
गणपती जवळ आले की कराडात सोमवार पेठेपासून मलकापूरपर्यंत तालमी रंगतात, आणि गिटारच्या अँपमधून घूंऽऽ सुरू होतं. लगेच बिचाऱ्या पेडलला शिव्या! अहो, आपली वीज ५० हर्ट्झची. ही घरघर बहुधा तिचीच. एकेक पेडल वगळत अँपपर्यंत जा, आवाज थांबेल तिथं चोर. बहुतेकदा तो एकाच स्वस्त अडॅप्टरवर लटकवलेल्या चार-पाच पेडलांत सापडतो. गिटार घेऊन जागीच वळल्यावर घूं कमी-जास्त झालं, तर ते सिंगल कॉइल पिकअपचं. रोषणाईच्या डिमरपासून लांब उभं राहा. मात्र आवाज जातो म्हणून प्लगची अर्थिंगची पिन मोडणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. मांडव ओला असतो आणि बोटं तारांवर असतात, म्हणजे शॉक थेट अंगात. मंडळवाल्यांनो, रोषणाईच्या आधी अर्थिंगचे पैसे बाजूला काढा.