गावाच्या पाण्याचा जमाखर्च

'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही म्हण शहापूर तालुक्यात कोणास समजावून सांगावी लागत नाही. 1892 साली तानसाचे धरण झाले, पुढे भातसाचे झाले. आज मुंबई शहर जे पाणी पिते त्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातसाचे आहे. आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर चैत्र लागला की टँकरच्या वाटेवर हंड्यांच्या रांगा लागतात. हा न्याय कोणता?

शेतकरी बंधुभगिनींनो, आम्ही खेड्यातील एक मास्तर. आमच्यापुढे दरसाल एक कागद असतो, तो म्हणजे शाळेचा हजेरीपट. शिमगा झाला की त्यात मुलींच्या नावांपुढे गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. चौकशी केली की उत्तर ठरलेले: "आई पाण्याला गेली, म्हणून धाकट्याला सांभाळायला राहिली." नाही तर तीच पोर कळशी घेऊन ओहोळातल्या झिऱ्यावर बसलेली असते. विहिरीच्या आधी आटते ती मुलींची विद्या. सबब हा विषय आम्ही आमच्या धंद्याबाहेरचा मानीत नाही.

सरकारने काय करावे ते आम्ही पुढे सांगणारच आहोत. पण आधी आपल्या घरात पाहू. आपल्या आजोबा-पणजोबांच्या जमिनी सावकाराच्या घशात का गेल्या? हिशेब त्याच्या वहीत होता आणि आपल्या हाती फक्त अंगठा होता, म्हणून. पाण्याचेही आज तेच झाले आहे. धरणात किती आले, शहरास किती गेले, हे सारे दुसऱ्याच्या वहीत आहे. आपल्या गावाची वहीच नाही.

ती वही उघडून पाहू. आधी जमा. आपल्याकडे पाऊस सुमारे 2500 मिलिमीटर, म्हणजे अडीच मीटर पडतो. एक हेक्टर, म्हणजे सुमारे अडीच एकर जमिनीवर तो अडीच कोटी लिटर होतो. आता खर्च. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यातील माणसामागे दररोज 55 लिटर पाणी धरले आहे. हजार वस्तीच्या गावास त्या मानाने वर्षाला दोन कोटी लिटर लागतात. म्हणजे साऱ्या गावाला वर्षभर पुरेल इतके पाणी एका हेक्टरावर आभाळातून पडते! मग आपण तहानलेले का? कारण आपला डोंगर काळ्या कातळाचा आहे. त्यात पाणी मुरते थोडे आणि उतारावरून धावते फार. श्रावणात आले ते भातसा, काळू आणि उल्हास नद्यांतून खाडीला गेले. आपली जमा मोठी, पण थैलीला भोक.

कोणी म्हणेल, विहीर आहे की! तर विहिरीचाही हिशेब घ्या. सहा मीटर रुंदीच्या गोल विहिरीत पाच मीटर पाणी उभे असले तरी ते 1,41,000 लिटर, म्हणजे हजार माणसांना अडीच दिवसांचे. विहीर ही पाण्याची पेटी नव्हे. तिचे जगणे झऱ्यावर. तो झरा मोजता येतो. संध्याकाळी उपसा थांबला की दोरीला दगड बांधून पाण्याची खूण घ्या. बारा तासांनी पुन्हा घ्या. एवढ्या विहिरीत पाणी एक मीटर चढले, तर झरा दिवसाला सुमारे 56,000 लिटर देतो. गावाची गरज 55,000. जेमतेम भागले. हाच झरा शिमग्यात निम्मा झाला, तर विहिरीत पाणी दिसत असतानाच टंचाई लागली असे समजावे. सातवीतली मुले हे गणित सहज करतात.

हे मोजमाप दसऱ्यापासून दर पंधरवड्यास व्हावे आणि आकडा चावडीवर लिहावा. कोजागिरीच्या सुमारास ग्रामसभा भरवून वाटणी ठरवावी: प्रथम माणसांचे पिणे, मग गुरांचे, मग उरेल त्यात वाल, हरभरा की भेंडी ते. ओहोळ वाहता आहे तोवर मातीने भरलेल्या पोत्यांचे वनराई बंधारे घालावेत. ओहोळ आटल्यावर घातलेला बंधारा काय अडवणार? डोंगरावर आडवे चर खणावेत. आमच्या पावसाचा पाचवा हिस्साही जेथे धड पडत नाही, त्या नगरकडील हिवरे बाजार गावाने दरसाल ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविली आणि टँकर हद्दपार केला. बांध घालून पावसाचे पाणी शेतात मुरवा, हे जोतीराव फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून सरकारास सांगितलेच होते.

मात्र एक गोष्ट कानावर घाला. या वहीत कातकरी वाडी आणि ठाकूरपाडा शेवटच्या ओळीला ढकलाल, तर ती वही खोटी. गावच्या विहिरीशेजारी खोल बोअर मारून आपला मळा भिजवणारा आपलाच भाऊबंद असो की शहरातून आलेला फार्महाऊसवाला असो, दोघांनाही सभेने जाब विचारावा. शेटजीवर ओरडायचे आणि आपल्या पाटलापुढे गप्प बसायचे, ही चळवळ नव्हे.

आता सरकारास. शहरातील माणसामागे 135 लिटर आणि खेड्यातील माणसामागे 55, ही तागडी सरळ करा. ज्या गावांनी धरणासाठी जमिनी दिल्या, त्यांस पहिला घोट द्या. नळ घालण्याआधी झरा मोजा. झऱ्यात नाही ते नळात कोठून येणार? आम्ही शहराचे वैरी नाही. ठाण्याच्या चाळीत आणि डोंबिवलीच्या खोलीत आमचीच पोरे राहतात. कल्याण-डोंबिवली महापालिकेत 2015 साली पुन्हा घेतलेल्या 27 गावांतील बायाबापड्यांनीही पाण्यासाठी मोर्चे काढले आहेत. इमले आधी आणि पाण्याचा विचार मागून, हा क्रम खेड्याचा आणि शहराचा, दोघांचाही घात करतो.

बंधूंनो, अर्जावर अंगठा उठवून फार वर्षे गेली. यंदा दसऱ्यास सोने लुटाल, तेव्हा एक कोरी वही आणा आणि पहिल्या पानावर विहिरीची खोली लिहा. आकडे हाती घेऊन कचेरीत गेलेल्या गावास 'पाहू, करू' म्हणून परत पाठविणे साहेबास जड जाते. आम्ही मात्र आमचा हिशेब हजेरीपटावरच करू: ज्या वर्षी वैशाखात मुलींच्या रांगेत एकही जागा रिकामी दिसणार नाही, त्या वर्षी गावास पाणी पुरले असे आम्ही मानू.