बिनडांबराची वाट

डांबर म्हणजे प्रगती, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की बसली आहे की एखादा कच्चा रस्ता मुद्दाम कच्चाच ठेवावा असं कुणी म्हटलं तर लोक त्याला वेड्यात काढतात. मला काढलंच आहे. तरीही आज तेच लिहितो आहे, कारण गेल्या चार-पाच वर्षांत वडोदऱ्याला जाऊन-येऊन जे पाहिलं त्यावरून माझं मत आणखीच घट्ट झालं आहे.

माझी धाकटी बहीण मकरपुऱ्याला दिली आहे. मकरपुरा म्हटलं की जुन्या माणसांना खंडेराव गायकवाडांनी बांधायला घेतलेला आणि सयाजीरावांनी वाढवलेला राजवाडा आठवतो. तो आता हवाई दलाच्या ताब्यात आहे, आपल्याला बाहेरूनच बघायचा. नव्या माणसांना आठवते ती जीआयडीसी. शेडवर शेड, ट्रकवर ट्रक, आणि पलीकडे मुंबई-अहमदाबाद हमरस्ता. एकेकाळी या बाजूला गायकवाडांचं शिकारीचं रान होतं, हे आज तिथे उभं राहून कुणाला सांगितलं तर तो हसेल. पण दक्षिणेला आणि पूर्वेला थोडं बाहेर पडलं की अजूनही शेतांमधून जाणाऱ्या अरुंद मातीच्या वाटा लागतात. दोन्ही बाजूंना थोराची किंवा बोरी-बाभळीची कुंपणं, मधे बैलगाडीपुरती जागा. गुजरातीत तिला 'नेळियुं' म्हणतात. आपली पाणंदच ती.

माझा भाचा तिथल्याच एका कारखान्यात आहे. त्याने हप्त्यावर ग्रॅव्हल बाईक घेतली. नाव ऐकून दचकू नका मंडळी, सायकलच आहे. शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर जाड, चाळीस मिलिमीटरच्या आसपास, हवा थोडी कमी भरायची, म्हणजे खडीवर चाक उडत नाही. किंमत लाखाच्या घरात. मी त्याला म्हटलं, अरे, माझ्या वडिलांच्या ॲटलसला अठ्ठावीस बाय दीडचा टायर होता. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. म्हणजे आमच्या घरी ग्रॅव्हल बाईक पन्नास वर्षांपूर्वीच होती, फक्त आम्ही तिच्यावरून तांदळाचं पोतं आणायचो. (त्या ॲटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. काय बोलणार!)

भाचा रविवारी पहाटे निघतो आणि हमरस्ता टाळून नेळियांनी जातो. हौस म्हणून नव्हे. हमरस्त्यावर सायकल चालवणं म्हणजे काय ते तिथे राहणाऱ्याला विचारा. डंपर बाजूने गेला की नुसत्या वाऱ्याने सायकल हलते. माझी बहीण तो परत येईपर्यंत फोन हातातून खाली ठेवत नाही. नेळियांनी गेला आहे म्हटलं की मात्र ती स्वयंपाकाला लागते. माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयाचं मोल एवढ्यात आलं.

आता जरा लांब जाऊ. इटलीत तोस्काना प्रांतात सिएनाच्या आसपास द्राक्षमळे, ऑलिव्ह आणि ओकची रानं आहेत, आणि त्यांच्यामधून पांढऱ्या खडीचे रस्ते जातात. हे रस्ते भराभर डांबरी होऊ लागले तेव्हा जियांकार्लो ब्रोची नावाच्या गृहस्थाने १९९७ साली गायोले इन किआंती या गावातून एक सायकल फेरी काढली. नाव 'एरोइका'. अट अशी की सायकल जुनी हवी आणि वाट कच्ची. पहिल्या वर्षी ९२ जण आले. हेतू हा की त्या पांढऱ्या रस्त्यांचं मोल लोकांना कळावं आणि ते वाचावेत. पुढे २००७ पासून त्याच रस्त्यांवर व्यावसायिकांची 'स्त्रादे बियांके', म्हणजे अक्षरशः 'पांढरे रस्ते', ही शर्यत सुरू झाली. आज जगभरचे लोक पैसे खर्चून ती धूळ खायला तिथे जातात. २०२२ साली ग्रॅव्हल सायकलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही इटलीतच झाली, व्हेनेतो प्रांतात. ज्या रस्त्यांना मागासलेपणाची खूण म्हणून पुसून टाकायचं चाललं होतं, तेच त्या मुलुखाची ओळख होऊन बसले.

आपल्याकडे द्राक्षमळे म्हटलं की नाशिक-दिंडोरी. तिथल्या बागांमधल्या मुरुमाच्या वाटांवरही सायकलवाले असतात, पण छाटणीनंतर फवारणीचे ट्रॅक्टर आणि काढणीच्या दिवसांत मालाच्या गाड्या, त्यामुळे निवांतपणा मोसमी. वडोदऱ्याकडे द्राक्षं नाहीत, कापूस आणि तूर आहे. पण रान आहे. पावागडच्या पुढे जांबुघोडा अभयारण्य, सागाचं, बांबूचं आणि मोहाचं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला पहाटे माणसं जातात, आणि भाचा सांगतो की तो वास सायकलवरच कळतो, मोटारीत काचा बंद असतात. शिवाय कालवा आहे! नर्मदेचा मुख्य कालवा राजस्थानच्या सीमेपर्यंत ४५८ किलोमीटर. पाणी स्वतःच्या वजनाने वाहत जायचं म्हणून उतार इतका बेताचा की बारा किलोमीटरमागे साधारण एक मीटर. काठाने तपासणीची वाट. सायकलवाल्याला याहून सरळ वाट देवानेही दिली नसती. वडोदरा शाखा कालव्यावर तर दहा मेगावॅटचे सौर पत्रे बसवले आहेत, २०१५ च्या जानेवारीत बान की-मून यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं होतं. म्हणजे पाण्याच्या वाटेचा दुसरा उपयोग सुचू शकतो, हे सरकारला पटलेलं आहे. तिसरा सुचायला काय हरकत आहे? अर्थात काठाला कठडा नाही आणि आत गुळगुळीत काँक्रीट. पडलेला माणूस वर येऊ शकत नाही. तेव्हा नुसतं 'खुलं करा' म्हणणं बेजबाबदारपणाचं होईल. कठडा आधी, सायकल नंतर.

माझे मेहुणे हे सगळं ऐकून घेतात आणि एकच प्रश्न विचारतात. "तुम्ही रविवारी येणार सायकल घेऊन. शेतकऱ्याला पावसाळ्यात बाळंतीण दवाखान्यात न्यायची असेल तर?" प्रश्न खोटा नाही. त्या बाजूची काळी जमीन पावसात चाकाला अशी धरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, गाडीचं सोडाच. म्हणून मी गावाचा मुख्य रस्ता डांबरी करू नका असं कधीच म्हणत नाही. तो झालाच पाहिजे. २००० साली पंतप्रधान ग्रामसडक योजना आली ती त्यासाठीच, आणि तिने मोठं काम केलं. माझं म्हणणं त्यानंतरच्या वाटेबद्दल आहे. गावाला एक पक्का रस्ता मिळाला की दुसरा, तिसराही डांबरी होतो. का? तर निधी आहे म्हणून, आणि ठेकेदार आहे म्हणून. तो रस्ता बाळंतिणीसाठी नसतो. तो झाला की आठवड्याभरात ट्रक त्याला जवळची वाट म्हणून वापरू लागतात, आणि शाळेत चालत जाणारी पोरं कुंपणाला चिकटून उभी राहतात. मुरूम टाकून, रोलर फिरवून, कडेला चर खणून पाणी काढून दिलं तर नेळियुं ट्रॅक्टरला पुरतं, सायकलला पुरतं, आणि ट्रकला मात्र नकोसं वाटतं. नेमकं हेच तर हवं आहे.

मी कारकून माणूस. वाट जमिनीवरून जाण्याआधी कागदावरून जाते हे मला नोकरीने शिकवलं आहे. ज्या वाटेची नोंद नाही तिच्यावर एक दिवस शेजारचा शेतकरी हातभर बांध सरकवतो, दुसऱ्या वर्षी दुसरा. भांडण आलं की दाखवायला काही नसतं. महाराष्ट्राच्या महसूल खात्याने २०२५ साली शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात घ्यायचे आदेश काढले, ते मला फार शहाणपणाचं वाटलं. गुजरातेतही सातबारा आहे. आमच्या गोव्यात एक-चौदाचा उतारा आहे. दिवाडी-चोडणला खाजनांच्या बांदांवरून मैलोन्‌मैल जाता येतं, एका हाताला शेत, दुसऱ्या हाताला नदी, वर खंड्या. बांदाची देखभाल कुळांच्या असोसिएशननी करायची असा कायदा आहे, पण बांदावरून चालणाऱ्याचा, सायकलवाल्याचा हक्क कुठल्या रकान्यात लिहायचा? आणि तिळारीच्या कालव्याकाठी जी मुलं सकाळी सायकली घेऊन दिसतात त्यांना उद्या कुणी हटकलं तर ती कोणता कागद दाखवणार?

मला एका गोष्टीची मात्र धास्ती वाटते. असं काही लिहिलं आणि ते चुकून कुणी मनावर घेतलं, तर आपल्याकडे लगेच 'सुशोभीकरण' होतं. रंगीत फरश्या बसतात, कमान येते, कमानीवर नावं येतात, बाजूला स्टीलची बाकं, पिवळे दिवे आणि एक सेल्फी पॉइंट. मग गाड्या लावायला जागा हवी म्हणून कुंपणाची झाडं जातात. मकरपुऱ्याच्या त्या नेळियांना यातलं काही नको. नोंद हवी, दर दिवाळीनंतर चार ट्रॉल्या मुरूम हवा, आणि दोन्ही तोंडांना दगडाचे दोन खांब हवेत, एवढ्या अंतरावर की ट्रॅक्टर जाईल पण डंपर अडेल. मेहुण्यांना खांबांची कल्पना पटली आहे. रुंदी किती ठेवायची यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. ते दहा फूट म्हणतात, मी आठ.